खांद्यावर पडलेली शाल

कमठाण्याच्या जत्रेत टीव्हीवरची एक नटी आली होती. मालिका, नाचाच्या स्पर्धा, सूत्रसंचालन, सगळं गाजवलेली. पुढं हैदराबादला शूटिंग, म्हणून वेळ एका नाचापुरताच. ओळख करून द्यायला मी माईक घेतला आणि थेट तिच्या बालवाडीतल्या नाचापासून सुरू झालो. ती घुंगरू बांधून चुळबुळत होती. खालून एक अक्का ओरडली, "नाचू दे की तिला! कामून छळायलास?"

"मुद्द्यावर येतो," मी म्हणालो.

तिनं सत्काराची शाल काढून माझ्याच खांद्यावर टाकली. "अण्णा, माझं अख्खं आयुष्य तुम्हीच संपवायलात! थोडं मला नाचायला ठेवा की."

आमच्याकडं शाल पडली की भाषण संपतं. मी बसलो, ती नाचली.

ती शाल घरी आहे. मी बोलायला लागलो की बायको घेऊन येते.