अडकित्ता आणि हिरवा ठिपका

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर आजवर काही लिहिलेलं नाही. तरी विलासमामांबद्दल लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मामा जाऊन पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत... पण एक गोष्ट फक्त मला माहीत आहे.

आष्ट्याहून शिकायला साताऱ्यात आलो तो मामांच्याच घरी. मामा शिरवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर यायची. डावीकडची तिसरी खिडकी मामांची. तिथं दुसरं कुणी बसत नसे. बस घाटाला लागली की मामा खिशातून अडकित्ता काढायचे आणि सगळ्या बसला सुपारी कातरून द्यायचे. त्या बसची एक रीत होती. कुणी थांब्यावर दिसला नाही, तर ड्रायव्हर दगडूअण्णा तीनदा हॉर्न वाजवायचे आणि कुणीतरी उतरून घरी बघून यायचं. एकदा मामा तापानं फणफणले होते, तेव्हा चौघं जण दारात आले, त्यांना बसमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेले. त्या दिवशी अख्ख्या बसला लेटमार्क लागला. मामा ते अभिमानानं सांगायचे.

मग कंपनीनं खरेदीवाल्यांना घरून काम करायची मुभा दिली. मामांच्या मनात नव्हतं. मीच मागे लागलो. म्हटलं, ‘‘रोजचे तीन तास वाचतील, मामा. गुडघ्यालाही आराम.’’

‘‘वाचल्यालं तास ठिवायचं कुटं रं?’’ ते म्हणाले. पण शिकलेल्या भाच्याचा शब्द त्यांनी मोडला नाही.

पुढच्या खोलीत मी लॅपटॉप मांडून दिला. त्यात नावापुढं एक हिरवा ठिपका असतो. थोडा वेळ हात लागला नाही की तो पिवळा होतो, आणि मग साहेबांचा फोन. मामांनी बावीस वर्षं कुणाचं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं. ‘‘च्या प्यायला उठलो तरी चोरी केल्यागत वाटतंय,’’ म्हणाले. मला हुशारी सुचली. त्यांचाच अडकित्ता उचलून मी कीबोर्डच्या एका बटणावर ठेवला. ठिपका हिरवाच राहिला. मामा पोट धरून हसले. ‘‘भाचा असावा तर असा! आता मी मेलो तरी हजेरी लागंल गड्या.’’

मीही हसलो होतो...

सुपारी मात्र सुटली नाही. संध्याकाळी बस परतायच्या वेळी मामा कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे, खिडकीखिडकीतून सुपारी द्यायचे आणि दिवसभराच्या गप्पा पाच मिनिटांत उरकायचे. मी ते घराच्या दारातून बघायचो. बसमध्ये तीन तास खर्ची पडत नव्हते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता तो अडकित्ता माझ्या टेबलावर आहे. मामींनीच दिला. ‘‘तुझ्यावर लय जीव व्हता त्यांचा, ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ.’’ मी सुपारी खात नाही, तरी रोज पुसून ठेवतो. मामींना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं, तर त्यांना यातूनच कळेल. समोर बसून सांगायचं धाडस झालं नाही.

त्या दिवशी मामी विट्याला भावाच्या घरी गेल्या होत्या आणि मी आष्ट्याला. अकराच्या सुमाराला मी मामांना फोन केला, उचलला नाही. मामींचाही उचलला नव्हता. कामात असतील, असं दोघांनाही वाटलं. ऑफिसात तर काही वाटायचं कारणच नव्हतं. दिवस तसाच गेला. दिवेलागणीला फोन वाजला. दगडूअण्णा होते. मामा कोपऱ्यावर दिसले नाहीत म्हणून त्यांनी तीनदा हॉर्न दिला होता, आणि मग स्वतःच उतरून घरी गेले होते.

‘‘बसलायस न्हवं? बस आदी... तुजं मामा गेलं रं. खुर्चीतच. हात गार पडल्यात, कवाचं गेल्यात कळंना. आफिसातनं फोन न्हाई, काय न्हाई. समोर ते मशीन अजून चालूच हाय... आन् त्या बटनावर अडकित्ता कशापायी ठिवलाय, तेवडं मला उमगंना बग.’’