अण्णांचं नाक

कारखाना चालू असला की साखर साठते, बंद पडला की किस्से! आमच्याकडं दुष्काळ पडला. ऊस वाळला, जो वाचला तो चारा छावणीत जनावरांच्या पोटात गेला आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याचं धुराडं गप झालं. ऊस नाही म्हणून मळी नाही, मळी नाही म्हणून डिस्टिलरीला कुलूप. सकाळी हजेरी लावायची आणि दिवसभर आभाळाकडं बघायचं, एवढंच काम उरलं. आता बोला, माणूस किस्से नाही तर काय साठवणार?

मी वजनकाट्यावरचा दत्ता. दर रविवारी दुपारी आमची चौघांची बैठक अण्णांच्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर बसायची. अण्णा धारूरचे, डिस्टिलरीत केमिस्ट. दुसरा बन्सी, पालीचा. घरी शेळ्या-मेंढ्या, इथं उसाच्या नोंदी घेत फिरणारा. तिसरे काद्रीभाई, फिटर. काद्रीभाई स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण ओतायला त्यांच्यासारखा माणूस नाही. तीन ग्लासांत ओतलं तरी पातळी एक! कुणी चिडवलं की म्हणायचे, "वर गेल्यावर विचारलं तर सांगीन, मी नुसती लाईन जोडून दिली. व्हॉल्व्ह यांनीच उघडला!"

बैठकीचा नियम साधा. दारू प्यायची नाही, तिची तुलना करायची. कुणाचा भाचा परदेशातून येताना बाटली आणायचा, कुणाचा मेव्हणा फौजेतून रम धाडायचा. प्रत्येकी दोन लहान पेग, त्यावर दोन तास भांडण, मग अण्णांच्या मंडळींच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातचं पिठलं-भाकरी. आणि शेवटचा निकाल अण्णांच्या नाकाचा. डिस्टिलरीत स्पिरिटची बॅच निघाली की यंत्राच्या आधी अण्णा नाक लावायचे, आणि यंत्र नंतर तेच सांगायचं. त्या नाकावर आमचा सगळ्यांचा जीव होता.

*

पहिल्यांदा धुरकट स्कॉच आली तेव्हाची गोष्ट. काद्रीभाईंनी ओतली. बन्सीनं ग्लास नाकाला लावला आणि ताडकन मागं सरला.

"अण्णा, ह्यात कुनीतरी ओल्या गोवऱ्या पेटवून इझवल्यात!"

आम्ही हसलो. अण्णा मात्र खूश. "बरोब्बर! अरे, तिकडं दलदलीतली माती वाळवून जाळतात, आन त्या धुरावर धान्य वाळवतात. तोच वास हाय हा. शाब्बास बे!"

बन्सीनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि लई गंभीर झाला.

"काय झालं?"

"न्हाई, इचार करतोय. माजी म्हातारी चाळीस वर्सं चुलीपुडं बसून खोकतीया. म्हंजी ती इस्कॉच हुती की! आमाला कदर न्हाई!"

*

व्हिस्कीत पाणी किती घालावं यावर जगात भांडणं होतात म्हणे. आमच्यात कुठलं पाणी घालावं यावर व्हायची. कारण नळाला पाणीच नव्हतं. एक टँकर बिंदुसरा नदीकडून यायचा, एक नांदूरघाटकडच्या विहिरीवरून, आणि कारखान्याच्या बोअरला जेमतेम बादलीभर लागायचं.

एका रविवारी अण्णा म्हणाले, "आज व्हिस्की एकच. पाणी तीन!"

काद्रीभाईंनी तिन्ही पाणी घालून तीन ग्लास लावले आणि अण्णांकडं पाठ करून त्यांची अदलाबदल केली. अण्णांनी एकेक हुंगला, जिभेवर ठेवला. "हे बोअरचं, ह्यानं व्हिस्की फळ्यावरच्या खडूसारखी लागते. हे नांदूरघाटचं, जरा मचूळ. आन हे बिंदुसरेचं. अहाहा! ह्यानं व्हिस्कीच्या पोटातलं गोड वर आलं बघा."

तिन्ही बरोबर! आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर काकू दारात. हातात रिकामा तांब्या.

"बिंदुसरेचं पाणी माज्या पिण्याच्या हंड्यातलं का?"

काद्रीभाईंनी तिन्ही ग्लास पाठीमागं सरकवले.

"हे बघा, दारू किती बी प्या. मी एक शब्द बोलनार न्हाई. पर ह्या उनाळ्यात कुनी तिच्यात पानी घातलं तर माज्याशी गाठ हाय!"

साऱ्या जिल्ह्यात नवऱ्याला 'कोरी पी' म्हणून दम देणारी बाई ही एकटीच!

*

जिनची गंमत निराळी. बन्सीला ती पहिल्या दिवशी पटलीच नाही. म्हणाला, "ही ढोराच्या दवाखान्यातून आणली का?" काद्रीभाईंनी लिंबू पिळायला घेतलं, तर त्या वर्षी लिंबू सोन्याच्या भावात. मग कैरीची फोड टाकली. बन्सीनं पुन्हा चाखली आणि म्हणाला, "आता ठीक हाय. आता दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यासारखं वाटतंय."

अण्णा डोळे मिटून हुंगत होते. "दत्ता, ह्यात धने हायत."

मी म्हटलं, "अण्णा, काहीही! दारूत धने?"

"जिनमध्ये घालतात रे. स्पष्ट वास येतोय. धने!"

आतून लगेच काकूंचा आवाज, "माज्या डब्यातले न्हाईत ना?"

*

मग अण्णांना ताप आला. पंधरवडा गेला, बरे झाले, बैठक पुन्हा सुरू. पण अण्णा जरा गप वाटायचे. हुंगायचे, "वा!" म्हणायचे आणि ग्लास खाली ठेवायचे. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल.

अण्णांची परीक्षा घ्यायची काद्रीभाईंना भारी हौस. एकदा त्यांनी धुरकट स्कॉचच्या रिकाम्या बाटलीत आपली साधी गावठाणाच्या दुकानातली व्हिस्की भरून आणली. पूर्वी असं केलं की अण्णा ग्लास उचलायच्या आधीच शिवी हासडायचे. ती शिवी ऐकायलाच तर हे सगळं!

अण्णांनी बाटली बघितली. ग्लास नाकाला लावला. डोळे मिटले.

"वा! काय धूर हाय बघा!"

बन्सी फिस्सकन हसला. "अण्णा, कसला धूर?"

"कावून हसतोस बे?" असं म्हणून अण्णांनी आमच्या तोंडांकडं बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "तापापासून त्यांना कसलाच वास येत न्हाई. काल भाजी करपून कोळसा झाली, हे शेजारी बसून पेपर वाचत हुते. तुमाला सांगू नको म्हनले."

"कावून सांगायचं?" अण्णा म्हणाले. "तुमी बैठक बंद केली असती. आन उद्या डिस्टिलरी चालू झाली तर मी तिथं जाऊन काय करू? बिननाकाचा केमिस्ट! दत्ता, खरं सांगतो, चहा प्यालो तरी गरम पाणी प्यालो असं वाटतं. नातू जवळ आला तरी त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास न्हाई. माणूस अर्धाच भेटतो मला."

त्या दिवशी आम्हाला लई वाईट वाटलं. काद्रीभाई तर बाटली घेऊन गेले ते मोरीत ओतूनच आले.

*

बीडच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, नाकाची नस रुसलीय, येईल कदाचित, नाही येणार कदाचित, रोज उग्र वास घेत जा. झालं! कॉलनीतला प्रत्येक माणूस उग्र वास घेऊन अण्णांच्या दारात. कापूर, कांदा, लसूण, हिंग. काद्रीभाईंनी अत्तराची कुपी दिली. अण्णांच्या मिशीला अत्तर लागून राहिलं, सगळ्या ऑफिसला कळलं, अण्णांना सोडून!

बन्सी म्हणाला, "हे शेरातले उपाय झाले. थांबा." आणि दुसऱ्या दिवशी पालीहून थोरला बोकड घेऊन आला. बोकड असा, की तो कॉलनीच्या फाटकात आला तेव्हा आम्ही ऑफिसच्या खिडक्या लावल्या! बन्सीनं तो ओट्याला बांधला, अण्णांचं डोकं धरून त्याच्या मानेत घातलं.

"आला?"

"न्हाई."

"नीट घ्या, अण्णा!"

"न्हाई रे बाबा."

बोकडानं अण्णांकडं बघितलं, काकूंचे वाळत घातलेले पापड खाल्ले आणि खाली बसला. बन्सी त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "तेला बी लागलं. असा अपमान तेचा आजवर कुनी केला न्हवता!"

*

बैठक मात्र आम्ही मोडली नाही. उलट बन्सी म्हणाला, "अण्णा, आता हुंगायचं काम माजं. मी सांगतो, तुमी निकाल द्या."

माझ्या भाच्यानं ब्रँडी आणली होती. बन्सीनं ग्लासात नाक घातलं, बराच वेळ ठेवलं.

"अण्णा, लगीन झालंय. वऱ्हाड गेलंय. दुसऱ्या दिशी सकाळी मांडवात गेलं की कसं असतंय? झेंडू जरा सुकलेला, बुंदीचं पातेलं अजून धुतलेलं न्हाई, आन नवरीचा बाप एकटाच खुर्चीवर बसलाय. तसं."

अण्णांनी डोळे मिटले. हळूहळू हसायला लागले. "दिसलं बे! चांगली हाय. रमच्या वर ठेवा हिला."

असे आमचे निकाल लागत गेले. खोटं कशाला बोलू, दुष्काळातले ते रविवार फार सुखाचे होते.

*

आणि मग पाऊस चांगला झाला. ऊस उभा राहिला, बॉयलर पेटला, उसाची पहिली मोळी पडून गाळप सुरू झालं. मागोमाग डिस्टिलरी सुरू झाली. सगळीकडं आनंद, आणि अण्णांचं तोंड एवढंसं. रोज जायचे, टाकीवर वाकायचे, परत यायचे. काकू दारात उभ्या. अण्णा नुसती 'न्हाई' अशी मान हलवायचे.

आता डिस्टिलरी चालू झाली म्हणजे सांडपाणी आलं. आणि त्या पाण्याचा वास! वारं कॉलनीकडं फिरलं की घास तोंडात जात नाही. त्यावर दर हंगामात बायकांचा मोर्चा निघायचा आणि पुढारी आमच्या काकू. त्या वर्षीही पन्नासेक बायका नाकाला पदर लावून ऑफिससमोर आल्या. "वास बंद करा!" काकूंच्या हातात निवेदन.

एमडी साहेब बाहेर आले. नवीन माणूस, अण्णांची भानगड त्यांना काय माहीत! म्हणाले, "बायांनो, एवढा काही वास नाही. उगी बाऊ करता. आमचे केमिस्टच सांगतील. अण्णा, या पुढं. सांगा यांना, वास कितपत आहे?"

बन्सीनं माझा दंड धरला. काकूंनी मान खाली घातली. आता चारचौघांत अण्णा काय सांगणार?

अण्णा पुढं आले. सवयीनं त्यांनी मान वर केली आणि श्वास ओढला. थांबले. पुन्हा ओढला. मग डोळे मिटले.

"साहेब," अण्णा म्हणाले, "लई घाण वास येतोय."

"काय?"

"सडकी अंडी. एकदम वर. त्याच्या खाली करपलेला गूळ." अण्णा वाऱ्याकडं तोंड करून आणखी पुढं सरकले. "आन तळाला... थांबा जरा... तळाला चिंच हाय, साहेब. जुनी चिंच!"

"अण्णा!" साहेब ओरडले. "तुम्ही कारखान्याचे का मोर्चाचे?"

बायकांनी एकच गलका केला, "बघा, तुमचाच मानूस सांगतोय!" काद्रीभाई आभाळाकडं हात करून उभे. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला, काकूंपुढं हात केला. "बरं बाई, द्या ते निवेदन."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांनी नाकावरचा पदर काढला, निवेदनाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"कसलं निवेदन? आमाला काय वास-बीस येत न्हाई. चालू द्या तुमचं!"