रेकॉर्डिंगमधली वीस सेकंदं

आधीच सांगते, असलं काही सांगणाऱ्याला 'पुरावा दाखव' म्हणून गप्प करणारी बाई आहे मी. आता स्वतःच लिहायला बसलेय... हसा खुशाल.

युद्ध संपल्यावर तिथल्या पाण्याचं, जंगलाचं काय होतं, ते कुणाच्या ताब्यात जातं — हा माझा संशोधनाचा विषय. गेल्या वर्षी श्रीलंकेच्या उत्तरेला होते. एका गावात युद्धापासून बंद असलेली विहीर आमच्या प्रकल्पाला उपसायची होती. विहीर एका म्हातारीची, तिची संमती घेणं माझं काम. काठावर भाताचं ताट झाकून ठेवलेलं. दुभाष्याने विचारलं, म्हातारी गप्प. वीस सेकंदं नुसती वाऱ्याने हलणाऱ्या रहाटाची कुरकुर. मी फॉर्मवर 'हरकत नाही'ला टिक केली. आमच्या कामात असंच चालतं — गप्प म्हणजे होकार.

निगडीला घरी आले. निघोज्याची मामी डोळे तपासायला आली होती. भर दुपारी ती मेथी निवडत होती आणि मी स्पीकरवर त्या भेटीचं रेकॉर्डिंग लावलेलं. त्या वीस सेकंदांना मामीचे हात थांबले.

"न्हाई म्हणती की ती."

"कोण गं?"

"ही बाई. पाणी हलवू नका म्हणती. पोरगं खाली हाय, पायानं अधू हाय, वर यायला येळ लागंल त्याला."

मामीला तमिळमधलं ओ की ठो कळत नाही. आणि तिथे कुणी बोलतच नव्हतं!

मामीचा थोरला लहानपणी विहिरीत गेला. सगळी जमीन कंपनीला गेली, ती विहीर तेवढी तिने सोडली नाही. म्हटलं, हिचंच दुःख बोलतंय. "चहा टाकू का?" म्हणत मी विषय बदलला. तेव्हा उपसा अजून सुरू व्हायचा होता. एक मेल टाकली असती तर थांबला असता...

पंधरा दिवसांनी दुभाष्याचा फोन आला. गाळात हाडं सापडली, अधू पायाला बांधतात त्या लोखंडी पट्ट्यांसकट. म्हातारीचा मुलगा, युद्धात बेपत्ता झालेला. ताट त्याचंच असायचं, रोज. आता ती ताटही वाढत नाही आणि स्वतःही जेवत नाही, म्हणाला. मला भयंकर लाज वाटली.

मामीला सांगितलं. "सांगत व्हती की ती," एवढंच म्हणाली.

तमिळ येणाऱ्या दोघांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. रहाट कुरकुरतो, बाकी काही नाही. मामीने काय ऐकलं, कसं ऐकलं, मला आजही सांगता येत नाही. टिक मात्र मीच केली होती.