गळक्या टाकीचं उदाहरण

मी सातवीत असताना हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावच्या शाळेत गणिताच्या सरांना विचारलं होतं, "सर, ऋण गुणिले ऋण धन काहून येतं?" सरांनी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "नियम हाय तो. बस खाली." वर्ग हसला आणि मी बसले. पुढं बी.एस्सी.ला गणितच घेतलं. या नियमाची सिद्धता पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळवले. पण सातवीतल्या एखाद्या पोरीला हे कसं समजवायचं, ते मला तेव्हाही येत नव्हतं.

बी.एड.ला लोक नोकरीसाठी जातात. मीही त्यासाठीच गेले, उगाच मोठेपणा कशाला सांगू? पण डोक्यात तो एक प्रश्न होता आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात 'गणित अध्यापन पद्धती' असा अख्खा पेपर होता. हिंगोलीच्या कॉलेजात पहिल्या दिवशी जीपमधून उतरले तेव्हा वाटलं, इथं तरी कुणीतरी सांगेल.

इथं आम्हाला गणित कसं शिकवायचं ते कुणी शिकवलं नाही. पाठाचं टाचण कसं लिहायचं ते शिकवलं. पाठाच्या वहीत समास किती सोडायचा, उद्दिष्टांना हिरवी शाई, मुद्द्यांना काळी, आणि हेतुकथन चौकटीत. हेतुकथन म्हणजे 'मुलांनो, आज आपण अमुक घटक शिकणार आहोत' हे एक वाक्य. ते उच्चारायच्या आधी घटकाचं नाव फळ्यावर लिहिलं, की पाठ बाद झाल्यात जमा. पद्धतीचे प्राध्यापक पिवळी पडलेली टिपणं वाचून दाखवायचे आणि आम्ही उतरून घ्यायचो. त्यात एक मुद्दा होता, 'विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेला उत्तेजन द्यावे.' तो सगळ्यांनी उतरून घेतला. वर्गात कुणी हात वर केला की सर म्हणायचे, "आधी लिहून घ्या."

सराव पाठ गावातल्याच एका शाळेत व्हायचे. एकसारख्या निळ्या साड्या नेसून, पदराला पिना लावून आमच्यासारख्यांची फौज दरवर्षी त्या शाळेत शिरते. तिथल्या पोरांना आमचा सगळा खेळ तोंडपाठ होता. मी पहिल्या पाठात प्रस्तावनेचे तीन प्रश्न विचारले आणि हेतुकथनासाठी तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून दोघं-तिघं सुरात म्हणाले, "तर मुलांनो, आज आपण..." मला हसू आलं. मागं निरीक्षण वही घेऊन बसलेल्या सरांना आलं नाही. त्यांनी शेरा दिला, 'हेतुकथन विद्यार्थ्यांकडून काढून घेतले. छान.'

वार्षिक पाठासाठी, म्हणजे परीक्षकांसमोर घ्यायच्या परीक्षेच्या पाठासाठी, मी मुद्दाम सातवीचा पूर्णांकांचा गुणाकार मागून घेतला. मैत्रीण म्हणाली, "अगं, सोपं काहीतरी घे, त्रिकोणाचे प्रकार घे. कागद कापून दाखवलं की झालं." मी ऐकलं नाही. पंधरा दिवस पुस्तकं चाळली, त्यातलं काहीच पटेना. एका रविवारी गावाकडं गेले, तर आई अंगणातल्या सिमेंटच्या टाकीवर वाकून पाणी मोजत होती. टाकीला चीर पडली होती आणि आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं. आई करवादून म्हणाली, "रोज चार बोटं उतरून राहिलं बघ. दोन रोजामागं आठ बोटं वर व्हतं."

मी तिथंच उभी राहिले. रोज चार बोटं उतरतं, ते ऋण. दोन दिवस मागं जायचं, तेही ऋण. आणि पाणी आठ बोटं वर. आईनं हात पुसता पुसता मला ते सांगून टाकलं होतं, ज्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते. मला इतका आनंद झाला, की मी हसत सुटले आणि तिनं मला वेड्यात काढलं.

सोमवारी टाचण घेऊन पद्धतीच्या सरांकडं गेले. टाकीचं चित्र काढलं होतं, बोटांच्या खुणा केल्या होत्या. सरांनी चष्मा वर केला, पानभर लाल रेघ ओढली आणि विचारलं, "टाकी घेऊन येणार काय वर्गात?" स्टाफरूममधली सगळी हसली. मी म्हटलं, "सर, पण पोरांना नेमका हाच प्रश्न पडतो." ते म्हणाले, "पोरं असलं विचारत नसतात, म्याडम. इतक्या बॅचा गेल्या माझ्या हाताखालून, कुणी विचारलं का? तीन उदाहरणं घ्या, नियम काढा, चौकटीत लिहा. पस्तीस मिनिटांत उपयोजनाची गणितं, गृहपाठ सगळं बसलं पायजे. वार्षिक पाठ हाय, तमाशा नको." मी भांडले नाही. ते पान फाडून नवीन पान लिहिलं, हिरव्या शाईत उद्दिष्टं आणि काळ्या शाईत मुद्दे.

वार्षिक पाठाची एक रीत आहे, ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. चार दिवस आधीपासून त्याच वर्गात तोच पाठ घोटून घ्यायचा. कोणत्या प्रश्नाला कोण हात वर करील, दुसरं उत्तर मुद्दाम कोण चुकवील, मग बरोबर कोण सांगेल, सगळं ठरलेलं. मीही घेतला घोटून. सातवी 'अ'ची पोरं इतकी तयार झाली, की मी आजारी पडले असते तरी त्यांनी पाठ पार पाडला असता.

पण त्या दिवशी लग्नाची दाट तिथी निघाली आणि वर्गात निम्मी पोरं. परीक्षकांसमोर बाकं रिकामी दिसायला नकोत म्हणून मुख्याध्यापकांनी ब तुकडीतली दहा-बारा पोरं आणून बसवली. मला ते बरंच वाटलं. बाकं भरली, एवढंच मी पाहिलं.

पाठ रंगला. परीक्षक मागं पोह्यांची बशी संपवून लिहायला लागले होते. मी नियम काढला, चौकटीत लिहिला आणि खडू ठेवला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावर हात वर झाला. ब तुकडीतली पोरगी होती, शेजारणीच्या पुस्तकात मान घालून बसलेली. मी कौतुकानं तिला उठवलं.

"म्याडम, दोन्ही बी उणे हायत. मग उत्तर अधिक काहून आलं?"

 अ तुकडीतला एकजण तिला दटावून म्हणाला, "ए, ते पाठात न्हाई!"

परीक्षकांचं पेन थांबलं. परीक्षकांशेजारी बसलेल्या पद्धतीच्या सरांनी मला दिसेल अशी मान हलवली, नको म्हणून. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती आणि उपयोजन, गृहपाठ दोन्ही बाकी. टाकी माझ्या ओठांवर आली होती. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला विचारणारी ती पहिलीच आणि तिच्यापुढं उत्तर ठाऊक असलेली मी. मी हातातल्या रुमालाची नीट घडी केली आणि म्हणाले, "तो नियम आहे. बस खाली."

माझ्या सरांपेक्षा मी शुद्ध बोलले, एवढाच काय तो फरक.

ती बसली. पोरं हसली. उपयोजन झालं, गृहपाठ दिला, पस्तिसाव्या मिनिटाला घंटा वाजली. निरीक्षणाच्या कागदावर परीक्षकांनी लिहिलं, 'वर्गनियंत्रण उत्तम. अनावश्यक प्रश्न कौशल्याने हाताळला.' आमच्या बॅचमध्ये त्या पाठाला सगळ्यात जास्त मार्क मला. पद्धतीचे सर म्हणाले, "बघा, ऐकलं म्हणून निभावलं." मैत्रिणीनं माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि मी तो खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला बोलू? लाज नंतर वाटली, संध्याकाळी गावाकडं निघालेल्या जीपमध्ये, आणि ती अजून गेलेली नाही.

आठ-दहा दिवसांनी एका दाखल्यावर शिक्का घ्यायला त्या शाळेत गेले. मधली सुट्टी होती. ती पोरगी हौदापाशी डबा धूत होती. मी हाक मारली तशी ताठ उभी राहिली आणि मी काही बोलायच्या आत म्हणून मोकळी झाली, "ऋण गुणिले ऋण धन, म्याडम. पाठ केलं मी."

"अगं, पाठ कशाला? तुझा प्रश्न बरोबर होता," मी म्हटलं. हौदाच्या कट्ट्यावर ओल्या बोटानं टाकी काढली. रोज चार बोटं, दोन रोजामागं आठ बोटं वर. आईचेच शब्द वापरले. ती प्रत्येक वाक्याला "व्हय म्याडम" म्हणत होती. ते 'व्हय' मला ओळखीचं होतं. मीही सातवीत तसंच म्हणायला शिकले होते, लवकर सुटका व्हावी म्हणून.

"आणखी काही विचारायचंय?"

"न्हाई म्याडम." मग डबा छातीशी धरून ती हळूच म्हणाली, "आमच्या वर्गाच्या बाईंनी लई रागवलं व्हतं त्या दिवशी. म्याडम, माझ्यामुळं तुमचे मार्क कटले का?"

कटले नाहीत, हे मी तिला सांगितलं. तिच्यामुळं वाढले, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.