शंकासुर भाऊ

आमच्या आरोग्य केंद्रातले औषधवाले भाऊ कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. चहात साखर घातली आहे म्हटलं, तरी आधी घोट घेऊन बघणार. आम्ही पाठीमागे त्यांना शंकासुर म्हणायचो, आणि ते त्यांना ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे.

रक्तदाबाच्या पेशंटनं "गोळ्या घेतो" म्हटलं, की खिडकीतून सरबत्ती सुरू. "कधी घेता? जेवणाआधी का नंतर? काल घेतली तवा घरात कोण व्हतं?" मी म्हणायचे, "भाऊ, पोलिसात जायचं होतंत तुम्ही." ते हसायचे नाहीत. "सिस्टर, दवाखान्यात माणूस आपल्याला बरं वाटंल असंच बोलतो," म्हणायचे.

पुढे वरून ठरलं, की जितक्या पेशंटचा रक्तदाब आटोक्यात, त्या मानानं सगळ्या स्टाफला जादा मोबदला. आमचे आकडे झकास आले. पेढे वाटले गेले. भाऊंनी पेढा हातातच धरला. "येवढं चांगलं? न्हाई पटत," म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला.

त्यांना खटकली होती धोंडाबाई, डोंगरातल्या वाडीवर एकटी राहणारी म्हातारी. दर तपासणीला तिचा रक्तदाब नमुनेदार. एके दिवशी तिला न कळवता भाऊंनी मला घोडेगावच्या स्टँडवरून एसटीत बसवलं आणि तिच्या दारात नेलं. रक्तदाब बघितला, तर चांगलाच चढलेला. भाऊंनी गोळ्या दाखवायला सांगितल्या, तसं म्हातारीनं माळ्यावरून मडकं काढलं. मिठाच्या पुड्यांबरोबर त्यात आमच्या गोळ्या, पाकिटंच्या पाकिटं.

"पावसाळ्यात यष्टी येत न्हाई, भाऊ. मंग कुठून आणू? तपासणीच्या आधी चार दिस घेते की!"

वाडीतल्या घरोघरी तेच. लाकूडफाटा साठवावा तशा लोकांनी गोळ्या साठवल्या होत्या.

भाऊ रागावले नाहीत. पावसाळ्यापुरत्या गोळ्या आधीच पोचवायचं त्यांनी कबूल केलं, रोज एक घ्यायची शपथ घातली, आणि घरी मोजलेले आकडे वर धाडले. आमचा मोबदला बुडाला. मी भांडले, "तपासणीचा आकडा काय खोटा होता?"

"आकडा खराच व्हता, सिस्टर. म्हातारी बरी नव्हती."

पावसाळा सरता सरता त्यांची बदली झाली, तालुक्याबाहेर. कुणीतरी वर कळ लावली असणार. कुणी, ते मला अजून कळलेलं नाही, पण चहाच्या वेळी मी एकेकाचं तोंड न्याहाळते.

नवा माणूस गोड बोलतो. धोंडाबाई आली, तेव्हा त्यानं विचारलं, "आजी, गोळ्या घेता ना?" ती "व्हय" म्हणाली. त्यानं हसून पाकिटं पुढे केली. तिनं हात लावला नाही. तशीच माझ्याकडे आली.

"बाई, त्यो भाऊ माझं एक खरं मानत नव्हता. पार घरापतूर आला. ह्यानं लगीच मानलं. ह्याला माझं काय पडलंय?"

मला तिच्यासमोर रडू आलं.