अंबरनाथची शिवरात्र आणि एका पेल्याचा गुन्हा

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं ठरलं ते नितीनच्या नोकरीमुळे. नितीन माझा मामेभाऊ. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापत त्यानं आयटीआय केलं, आणि सोमवारी अंबरनाथच्या एका कारखान्यात तो रुजू होणार होता. आधी देवदर्शन, असं मामीचं म्हणणं.

बदलापूरच्या शिरगावहून मी सकाळीच निघाले. जत्रेच्या दिवशी रिक्षावाले मनाला येईल ते भाडं सांगतात, विचारूनच बसा. कॅम्प तीनला नितीनला घ्यायला त्याच्या जीन्सच्या कारखान्यात शिरले, तर तिथले सिंधी सेठ कामगारांना थाडल वाटत होते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घातलेलं सिंध्यांचं थंड पेय. शिवरात्रीला त्यात भांगेची पानं वाटून घालतात.

"पी ले बेटा, भोलेनाथ का प्रसाद है. ना नहीं बोलते."

नितीननं एक पेला घेतला. सेठनी दोन. मला बिनभांगेचं मिळालं. फार चविष्ट होतं.

अंबरनाथला देवळाच्या अलीकडेच रिक्षा सोडावी लागते. पुढे बेलाचे, उसाच्या रसाचे ठेले, लांबच लांब रांग. वाटेत मंडप होता आणि एक पुढारी गरजत होते, "नशा करणाऱ्या एकाही पोराची गय करणार नाही!"

रांगेतली एक मावशी म्हणाली, "बरोबर बोलतात. माझ्या भावाचं वाटोळं झालं गांजानं."

तिचं दुःख खरं होतं. तेवढ्यात एका हवालदारानं नितीनची हनुवटी वर केली.

"डोळे बघ. काय ओढलंस?"

"ओढलं नाही साहेब. सेठनं थाडल दिली."

"सगळे सेठचंच नाव सांगतात. चल."

मी मध्ये पडले. "साहेब, केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचा फुलोरा. नुसती पानं त्यात येत नाहीत."

"वकील आहात का मॅडम?"

"नाही. बी.ए., राज्यशास्त्र."

"मग निवडणूक लढवा!" सगळे हसले.

नितीनला चौकीवर नेलं, लघवीची तपासणी झाली. पान पोटात गेलं की फूल ओढलं, हे ती तपासणी सांगत नाही. गांजा ओढल्याची केस लागली. त्या दिवशी सेठना तपासलं असतं तर? किंवा मंडपामागे ठंडाई पिणाऱ्या कार्यकर्त्यांना? पण डोळे रांगेतल्या पोरांचेच बघतात. बंदी हवी की नको यावर खुशाल भांडा. आधी ती कोणावर चालते ते बघा.

मी सेठना फोन केला, थाडल तुम्हीच दिली असं पोलिसांना लिहून द्या म्हटलं. भांग वाटायलाही परवाना लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता.

"बेटी, बोलने को बोल दूँगा, लिखके मत माँग. मेरे भी बच्चे हैं."

दुसऱ्या दिवशी जामीन झाला. अंबरनाथच्या कारखान्यानं कळवलं, केस मिटल्यावर या. ती कधी मिटेल हे वकिलालाही सांगता येईना. देऊळ बघायचं राहिलं. कोरीव काम सुंदर आहे म्हणतात. जत्रा सोडून एरवी जा, शांतपणे बघता येईल.

सोमवारी नितीनबरोबर मी पुन्हा कॅम्प तीनला गेले. सेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "फिकर मत कर, तू तो घर का बच्चा है. आज से ही बैठ."

माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण नितीननं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"थँक्यू सेठ," तो म्हणाला. आणि ते अगदी मनापासून होतं.