बाळंतिणीच्या खोलीची परवानगी

गोंदियाच्या कमिटीतले, म्हणजे नगरपालिकेतले, घरांचे नकाशे तपासणारे बाबू "हो" कधी म्हणत नसत. पेन्सिल कानामागे खोचली की अर्ज परत. चौथीतून शाळा सोडलेला मी रत्नागिरीकर, त्यांना बिचकून असे. पण बायकोचे दिवस भरत आले होते आणि घरामागे बाळंतिणीची खोली हवीच होती. तिसऱ्यांदा गेलो.

"काऊन बे कोकण्या, छपराचं पानी शेजाऱ्याच्या अंगनात पाडून राहिला?"

आमच्याकडे कोकणात घराभोवती मोकळं आवार. मला हे सुचलंच नव्हतं.

"चुकलं, बाबूजी. पण आज परवानगीशिवाय हलणार नाही."

"तं बस."

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनीच माझ्या नकाशातला उतार फिरवला. "पोराचा पाळना कुठी टांगशीन?"

मी बोट ठेवलं. तिथे, मी न मागितलेली एक खिडकी काढून त्यांनी शिक्का मारला.